सन्मानानं स्थलांतर

अमेरिकेत, रेडमंडच्या एका शाळेत, तिसरीच्या वर्गात, खिडकीखाली काचेची पेटी ठेवलेली आहे. पेटीत एक नानेटी आहे. पेटीवर मुलांनी रंगीत खडूनं लिहून पाटी चिकटवली आहे, ‘मला वाचवलेलं आहे.’ इंग्रजीत, अर्थात, आणि भोवती बदाम काढून. मला त्या वर्गात एकदा पाहुणी म्हणून बोलावलं होतं. मुलांनी विचारलं, हिला तुम्हीच वाचवलंत का? मी हो म्हणाले. एवढ्याएवढ्या पोरांपुढे दुसरं काय बोलणार? मग गाडीत येऊन बसले आणि स्टिअरिंगवर हात आपटला.

नानेटी हे नाव माझं. इकडे तिला गार्टर स्नेक म्हणतात. पण अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत पिवळसर पट्टे, बोटभर जाडी, स्वभाव गरीब, माणसाला अपाय करण्याजोगं काही नाही, असा साप दिसला की सांगलीकडच्या माणसाच्या तोंडात नानेटीच येणार. दोघींचं नातं शास्त्रात फार लांबचं आहे. मला चालतं. परक्या गावात लांबचे नातेवाईकही जवळचे वाटतात.

सांगलीला मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. लग्न झालं आणि इथे आले ती नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेली. सुरुवातीची वर्षं नोकरी करायची परवानगीच नव्हती. परवानगी आली तोवर माझी सर्टिफिकेटं शिळी झाली होती. मुलाखती घेणाऱ्यांनी गोड हसून मला घरी पाठवलं. नवरा म्हणायचा, ‘रिलॅक्स कर ना, यार, तुला कोण काम कर म्हणतंय?’ रिलॅक्स करून करून मला वेड लागायची वेळ आली, तेव्हा मला बाई भेटल्या.

बाई म्हणजे एक अमेरिकन म्हातारी, रिटायर्ड शिक्षिका. जखमी रानटी प्राणी सांभाळायचा सरकारी परवाना त्यांच्याकडे आहे. परवान्याशिवाय इथे रानातला साप घरी आणता येत नाही, म्हणून मी त्यांच्या हाताखाली, त्यांच्या गॅरेजमध्ये काम करते, फुकट. मी त्यांना तोंडावर ‘बाई’च म्हणते. ते मी लाडानं ठेवलेलं नाव आहे असा त्यांचा समज आहे, आणि तो अगदी चुकीचाही नाही.

गॅरेजमध्ये प्लास्टिकचे डबे ओळीनं मांडलेले असतात. डब्यात माती नाही, कागदी टॉवेल. माती जखमेत जाते. डब्याच्या अर्ध्या भागाखाली गरम पॅड, म्हणजे सापाला ऊब हवी तर इकडे यावं, नको तर तिकडे जावं. पाण्याचं पसरट भांडं. खायला गांडुळं, आणि इथल्या ओल्या बागांत मिळतात त्या शंख नसलेल्या गोगलगायी. बहुतेक साप येतात ते गवत कापायच्या मशीननं कापलेले. काही मांजरानं चावलेले. काही वेलांसाठी लावलेल्या प्लास्टिकच्या जाळीत अडकून सोललेले, आणि ती जाळी पुष्कळदा दुधी-कारल्याच्या वेलाखालची असते, म्हणजे आपल्याच लोकांच्या बागेतली. जखम धुवायची, मलम लावायचं, आणि वाट बघायची. साप कात टाकतो तसा दर कातीबरोबर व्रण थोडा लहान होतो. हे बघताना मला जे बरं वाटतं तसं बरं मला या देशात दुसरं काही बघून वाटलेलं नाही.

ही नानेटी आली जूनमध्ये. मैत्रिणीचा फोन आला, ‘अगं, ह्यांच्या गवताच्या ट्रिमरखाली साप आलाय, अजून हलतोय, मला बघवत नाही, तू ये ना ड्राइव्ह करून.’

ही मैत्रीण नागपूरची. आम्ही दोघी एकाच वर्षी इथे आलो. नवरे एकाच कंपनीत. पहिल्या हिवाळ्यात सूर्य दिसेना तेव्हा आम्ही एकमेकींच्या सोफ्यावर बसून रडलो आहोत. तिच्या घराच्या मागे उतार आहे आणि तो अडवायला जुन्या मालकानं मोठमोठे दगड रचून भिंत केली होती, चुना-सिमेंट काही नाही, नुसते दगडावर दगड. त्या दगडांत नानेट्यांची वस्ती होती. पहिल्या उन्हाला त्या दगडांवर येऊन पडायच्या. मैत्रीण किंचाळायची, मग हसायची, मग फोटो पाठवायची.

मी गेले तेव्हा ही गवतात पडली होती. पाठीवर बोटभर लांब कापलं होतं, आतलं दिसत होतं. मी उचलल्यावर तिनं हातावर घाण सोडली. त्यांच्याकडे बचावाला दुसरं काही नाही, शेपटीकडून एक घाणेरडा वास सोडतात, जो साबणाला दाद देत नाही. मी पोटाला हात लावून पाहिलं. पिल्लं होती.

जनावरांच्या डॉक्टरनं टाके घातले. बाई म्हणाल्या, ‘जगली तर त्याच दगडांत परत सोडायची. दुसरीकडे नाही.’ हा त्यांचा पहिला नियम. आमच्याकडे सर्पमित्र साप पकडतात आणि लांब रानात नेऊन सोडतात, लोक टाळ्या वाजवतात. मी तेच बघत वाढले. इथलं गणित वेगळं. हिवाळ्यात जमीन गोठते. नानेट्या शरद ऋतूत ठरलेल्या एका खोल जागी जातात आणि एकमेकींना बिलगून थंडी काढतात. ती जागा त्यांना वासानं सापडते, आधी गेलेल्यांच्या वासावरून. अनोळखी रानात सोडलेल्या नानेटीला ती जागा कोण दाखवणार? थंडी आली की ती उघड्यावर मरते. आणि बाईंनी हेही तेव्हाच सांगितलं, की ज्या प्राण्याला परत सोडायला जागा नाही, त्याला परवान्याच्या नियमानं एकतर कायमचं झोपवायचं, नाहीतर शिकवण्याच्या कामासाठी पेटीत ठेवायचं. तिसरं काही नाही.

मी मैत्रिणीला विचारलं. स्पष्ट विचारलं. ‘ही बरी झाली की तुझ्या मागच्या दगडांत सोडायची आहे. पिल्लं झाली तर तीही. चालेल ना?’

‘अगं, विचारतेस काय? सोड ना. आपलंच घर आहे.’

ऑगस्ट संपता संपता ती व्याली. नानेट्या अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्लं देतात. सकाळी डबा उघडला तर टॉवेलवर बुटाच्या नाड्यांसारखी पिल्लं वळवळत होती. त्यांना आईची गरज नसते, म्हणून आठवड्यात ती मी दगडांत सोडली. मैत्रीण चहाचा कप घेऊन शेजारी उभी होती. एक एक पिल्लू फटीत शिरताना ‘बाय बाय’ म्हणत होती. आईचे टाके मात्र बाळंतपणात उसवले होते. तिला आणखी दोन काती टाकेपर्यंत ठेवावं लागणार होतं. ऑक्टोबरात थंडीच्या आधी तिला तिच्या जागी पोचवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. सकाळ-संध्याकाळ हवामानाचा अंदाज बघायचा आणि तिचा व्रण बघायचा. नवरा म्हणाला, ‘माझ्या कोलेस्टेरॉलकडे कधी एवढं बघितलं नाहीस.’ खरंच नव्हतं बघितलं.

याच सुमाराला मैत्रिणीच्या घरी वेगळीच चिंता चालू होती. ग्रीन कार्डाच्या रांगेत आम्ही सगळेच उभे आहोत. दर महिन्याला सरकार बुलेटिन काढून एक तारीख जाहीर करतं. त्या तारखेच्या आधी ज्यांनी अर्ज केला त्यांचा नंबर येतो. भारतीयांची तारीख सरकत नाही. तिची मुलगी एकविसाची होत आली होती. एकवीस पूर्ण झाली की मुलं आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतात. ज्या देशात ती दोन वर्षांची असल्यापासून वाढली त्या देशात ती परकी, स्वतःचा व्हिसा स्वतः शोधा. मैत्रिणीला झोप लागत नव्हती. मी तिला दोष देत नाही. माझे वडील गेले तेव्हा व्हिसाचा शिक्का परत मिळेल की नाही या भीतीनं मी सांगलीला गेले नाही, अंत्यदर्शन फोनवर घेतलं. त्या रांगेचा मार मला ठाऊक आहे.

पण तिनं आणि तिच्या नवऱ्यानं काय केलं? भारतातल्या एका गुरुजींना व्हिडिओ कॉल केला. दोघं सॉफ्टवेअरमधली, घरातले दिवे फोनवरून लावणारी. गुरुजींनी पत्रिका बघितल्या, मग म्हणाले, घराभोवती कॅमेरा फिरवा. मागची भिंत दिसली, साप राहतात हे कळलं, आणि निदान झालं. वास्तूत सर्पांचं वास्तव्य, ट्रिमरनं त्यांना इजा, म्हणून काम अडलेलं. उपाय काय? मारायचं अजिबात नाही, महापाप. सगळ्यांना सन्मानानं दुसरं स्थान द्यायचं. एकही मागे राहता कामा नये. मग ती जागा बंद करून शांत करायची.

मला यातलं काहीही कुणी सांगितलं नाही. मला कळलं आमच्या मराठी ग्रुपवरच्या व्हिडिओतून.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. नानेटीनं कात टाकली होती, व्रण रेघेएवढा राहिला होता, आणि शनिवारी ऊन पडणार होतं. शुक्रवारी दुपारी मी तिला शेवटची गांडुळं दिली आणि फोन उघडला. व्हिडिओत मैत्रिणीचा नवरा होता, सोवळं नेसलेला, वरून जॅकेट, हातात बर्फात घालायचे हातमोजे. मागे यंत्रानं दगड उचलले होते. थंडी काढायला गोळा झालेल्या नानेट्या उघड्या पडल्या होत्या, अर्ध्या सुस्तावलेल्या, पळायचीही ताकद नसलेल्या. तो त्यांना अलगद उचलून केशरी बादलीत ठेवत होता. बादलीला हळदकुंकू लावलेलं. बादलीच्या तळाशी बुटाच्या नाड्यांसारखी पिल्लं होती. ती मी सोडलेलीच होती असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण दुसरी कुठली असणार? पुढच्या तुकड्यात डोंगराकडच्या रानात बादली आडवी केलेली, अक्षता टाकलेल्या, नमस्कार. खाली लिहिलं होतं, या आठवड्यात इतक्या जिवांना हक्काचं जंगल मिळालं. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. कुणीतरी लिहिलं होतं, ‘सो ब्यूटिफुल, दादा. ह्याला म्हणतात संस्कार.’

मी तशीच गाडी काढून तिच्या घरी गेले.

मागे काँक्रीटची भिंत उभी राहिली होती. अजून ओली होती. एका कोपऱ्यात नारळ फोडलेला, काँक्रीटवर हळदीची बोटं. मी मैत्रिणीला म्हटलं, ‘तू मला सोड म्हणाली होतीस.’

‘हो गं, तेव्हा म्हणाले होते. पण मग सगळं इतकं पटापट झालं. आणि आम्ही मारले नाहीत ना! एकालाही खरचटलं नाही, तू बघितलंस ना व्हिडिओ?’

‘ते मरणार आहेत. थंडी आली की सगळे मरणार आहेत. तिथे त्यांना जागाच माहीत नाही.’

‘असं काय बोलतेस? जंगलातच तर राहतात ना साप? आपल्या बॅकयार्डपेक्षा तिथे बरं.’ मग तिचा आवाज चढला. ‘तुला सापाची पिल्लं दिसतात, माझं पिल्लू दिसत नाही? उद्या तिला डिपोर्ट केलं तर तू सांभाळणार आहेस तिला डब्यात ठेवून?’

मला तिचा संताप आला आणि तिची दयाही आली, आणि दोन्ही एकदम आलं की माणूस नुसता उभा राहतो. मी उभी राहिले. तिच्या नवऱ्यानं बाहेर येऊन, काही न कळून, कौतुकानं विचारलं, ‘काय, कसं वाटलं आमचं रिलोकेशन?’ सोडलेली जागा कुठे ते मी विचारलं. त्यानं उत्साहानं लगेच फोनवर पाठवली.

बाई आणि मी दुसऱ्याच दिवशी तिथे गेलो. ऊन होतं, पण झाडांच्या सावलीत गारठा होता. ओढ्याकाठी अक्षता भिजून फुगल्या होत्या. ओंडके उलटून पाहिले, दगड उलटून पाहिले. एका ओंडक्याखाली एक पिल्लू सापडलं, दोरीसारखं सैल. बाईंनी ते तळहातावर घेऊन बराच वेळ ऊब दिली, पण ते हललं नाही. मग परत तिथेच ठेवलं. मी विचारलं, सापडल्या असत्या तर आपण काय केलं असतं? बाई म्हणाल्या, ‘काय करणार होतो? नेणार कुठे होतो?’

हिवाळाभर नानेटी बाईंच्या तळघरात थंड पेटीत झोपली. बाईंना वाटत होतं, वसंतात एकदा प्रयत्न करून बघावा. मैत्रिणीच्या शेजाऱ्याच्या उतारावर अजून थोडे जुने दगड होते. मैत्रिणीच्या कुंपणापाशी सोडली आणि ती त्या दगडांकडे वळली, तिथे तिनं जागा धरली, तर सुटली. नाहीतर उचलून आणायची, मग पेटी. शेजारी हो म्हणाला. आता मी विचारून, मेसेजवर लिहून घेऊन मगच पाऊल टाकत होते.

एप्रिलमध्ये एका उबदार सकाळी मी तिला कापडी पिशवीतून काढून शेजाऱ्याच्या बाजूनं, कुंपणाच्या खालच्या अंगाला ठेवलं. ती जरा वेळ पडून राहिली, जीभ बाहेर-आत. मग निघाली. शेजाऱ्याच्या दगडांकडे तिनं ढुंकूनही बघितलं नाही. सरळ कुंपणाखालून गेली आणि गवतातून तिरकी काँक्रीटच्या भिंतीकडे, जिथे तिची फट होती तिथे. अगदी नेमकी गेली. भिंतीला नाक लावलं. नाक लावून या टोकाला गेली. परत त्या टोकाला. पाणी जायला ठेवलेल्या भोकाशी थांबली, त्यावर जाळी होती. जाळीला नाक लावून परत फिरली. मी मनात म्हणत होते, बये, मागे वळ, शेजाऱ्याकडे जा, मागे वळ. ती पुन्हा पहिल्या टोकापासून सुरू झाली.

‘अगं बाई! अजून एक राहिला?’

मैत्रीण दार उघडून बाहेर आली होती. आम्ही कित्येक महिन्यांनी समोरासमोर भेटत होतो. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग मला बघून सुटल्यासारखा झाला. ‘तू आहेस होय? तो उचल ना, प्लीज. गुरुजी म्हणाले होते एकही मागे नको. उचल, आत्ता उचल.’

तिच्या बागेत वाद घालायचा मला काही हक्क नव्हता. मी गेले आणि नानेटीला उचललं. हिवाळ्याच्या आधी ती माझ्या हाताला इतकी सरावली होती की नुसती मनगटाला वेढा घालून बसायची. त्या दिवशी तिनं अंग पिळलं आणि हातभर घाण सोडली, पहिल्या दिवशी सोडली होती तशी. मी तिला पिशवीत घातलं आणि गाठ मारली. पेटीचं ठरलं ते तिथेच ठरलं.

‘थांब,’ मैत्रीण म्हणाली, ‘अशीच जाऊ नको.’ आत जाऊन ती ताटली घेऊन आली. पेढे होते. ‘तारीख सरकली! बुलेटिन बघितलं नाहीस का तू? दोन वर्षांनी पुढे! पोरगी वाचली गं माझी.’ ती रडत होती. मग डोळे पुसून म्हणाली, ‘आणि तुमचीही सरकली की! ह्यांनी बघितलं, तुमचा अर्ज पण आला त्यात. साप आमचे, फळ तुलाही.’

ती हे चेष्टेत म्हणाली नव्हती, टोमणाही नव्हता. मनापासून म्हणाली. तारीख सगळ्यांचीच सरकली होती, माझ्या नवऱ्याचीही. म्हणजे आता मी कधीही सांगलीला जाऊ शकणार होते, जिथे वडील नव्हते. आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही, हे सगळ्यात वाईट. नानेटी पिशवीत वळवळत होती आणि मला विमानाची तिकिटं दिसत होती.

‘घे ना.’

मी हात दाखवले. कोपरापर्यंत वास येत होता.

‘शी! बरं, राहू दे, मी भरवते,’ ती म्हणाली, आणि तिनं पेढा माझ्या तोंडाजवळ आणला.

मी तोंड उघडलं.